लिहून देणार, लिहून घेणार

आपल्या मोहल्ल्यात शिकवणी कशी ठरते, हे कुणाला सांगायला नको. एखादी आई संध्याकाळी दारात येते. "मुलाचं गणित फार कच्चं आहे, जरा बसवा ना त्याला," म्हणते. शिकवणारी मुलगी विचारते, कितवीत आहे, कोणत्या माध्यमात आहे. मग फीचा विषय निघतो आणि निघता निघताच संपतो. "तुम्ही काय, घरच्याच आहात. देऊ ना." झाले, शिकवणी ठरली. वेळ किती, दिवस किती, पैसे कोणत्या तारखेला, सुट्टी पडली तर काय, मध्येच सोडली तर काय, यातले काहीच ठरलेले नसते. ठरलेले असते ते एवढेच, की आपण एकमेकांना ओळखतो.

वरोऱ्यासारख्या गावात या घरगुती शिकवण्यांना फार मोल आहे. मोठे क्लासेस नागपूरला, नाहीतर चंद्रपूरला. इथली बरीच कुटुंबे कोळसा खाणी, वीज प्रकल्प, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना किंवा ठेकेदारांकडची कामे यांवर चालतात. त्या घरांतल्या मुलांना क्लासचा खर्च परवडत नाही. दुसरीकडे आपल्याच समाजात गेल्या काही वर्षांत पदवी आणि बीएड झालेल्या मुली वाढल्या, अल्हम्दुलिल्लाह. शिक्षक भरतीची वाट पाहत त्या घरी बसतात. त्यांची पहिली कमाई ही शिकवणीचीच. म्हणजे एका घराची गरज आणि दुसऱ्या घराची रोजी, दोन्ही त्या दारातल्या तीन वाक्यांवर टांगलेल्या असतात.

मी स्वतः शाळेत शिकवते, म्हणून शिकवण्या घेत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही, असा कायदाच आहे. तो योग्यही आहे. वर्गात अर्धे शिकवून उरलेले घरी फी घेऊन शिकवायचे, हा मोह त्यामुळे टळतो. पण माझ्याकडे शिकून गेलेल्या मुली, नात्यातल्या मुली सल्ला विचारायला येतात. त्यांच्या अडचणी ऐकून ऐकून मला हा विषय लिहावासा वाटला.

माझी भाची त्यांतलीच एक. बीएस्सी, बीएड. ओळखीच्या एका घरातल्या दोन भावंडांना ती त्यांच्या घरी जाऊन शिकवत होती. एका मुलाचे आठशे, असे महिन्याचे १,६०० रुपये. पाच महिने गेली. दोन महिन्यांचे पैसे वेळेवर मिळाले. नंतर "पुढच्या महिन्यात एकदम देतो" सुरू झाले. मुलांच्या वडिलांचा पगार ठेकेदाराकडे अडकला होता, हे खरे होते. हिच्या धाकट्या भावाच्या तंत्रनिकेतनाच्या फीचा हप्ता तोंडावर आला होता, हेही तितकेच खरे होते. शेवटी तिने धीर करून विचारले. उत्तर आले की रमजानमध्ये तू अर्धाच वेळ यायचीस, शिवाय मोठ्याला गणितात मार्क कुठे पडले? हिच्या हिशेबाने ४,८०० रुपये बाकी होते, त्यांच्या हिशेबाने १,६००.

ती माझ्याकडे आली तेव्हा पैशांबद्दल फार बोलली नाही. म्हणाली, "खाला, मी माफ करून टाकलं असतं. पण किती माफ करायचं तेच ठरेना. ते म्हणतात तेवढं माफ केलं, तर माझे तीन महिने खोटे ठरतात."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. सूरह अल-बकरहच्या २८० व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. मुरव्वतीच्या नावाखाली आपण ही आयत नेहमी समोर ठेवतो. पण सोडून देणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत, ते ठाऊक असायला हवे. आकडाच वादात असेल तर माफीसुद्धा माफी राहत नाही, ती हार होते. त्या दोन घरांचे येणेजाणे आजही पूर्वीसारखे नाही. पैशांपेक्षा ते नुकसान मोठे.

त्याच सूरहमध्ये दोनच आयतींनंतर, २८२ व्या क्रमांकावर, कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. नमाज, रोजा, हज यांपैकी कशाचीही ती नाही. ती आहे देण्याघेण्याच्या लिखापढीची. ठरावीक मुदतीच्या उधारीचा व्यवहार कराल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. हातोहात चाललेल्या रोखीच्या व्यवहाराला तेवढी सूट आहे. बहुसंख्य विद्वानांनी हे लिहिणे फर्ज नव्हे तर मुस्तहब, म्हणजे पसंतीचे, मानले आहे. पण पसंती कुणाची, हे विसरू नये.

आता पाहा, महिनाभर शिकवून महिनाअखेरीस फी घ्यायची, म्हणजे पहिल्या दिवसापासून शिकवणारीची मेहनत उधारीवर चढते. शिकवणी हा रोखीचा व्यवहार नाही, तो मुदतीचा आहे. त्यामुळे दारातल्या त्या तीन वाक्यांना ही आयत लागू पडते, असे मला वाटते.

त्या आयतीतली एक बारीक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मजकूर कुणी सांगायचा? ज्याचे येणे आहे त्याने नव्हे, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. तो अजाण किंवा दुबळा असेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. म्हणजे ज्याच्या खांद्यावर ओझे, त्याच्याच तोंडून ते ओझे कागदावर उतरते. कुणी कुणावर काही लादले, असे म्हणायला जागाच उरत नाही.

गंमत अशी की आपल्या मराठी दस्तऐवजांत हीच रीत आहे. जमिनीचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल, वर दोन नावे असतात. एक 'लिहून देणार', दुसरा 'लिहून घेणार'. ज्याने जबाबदारी स्वीकारली तो लिहून देतो. समोरचा ती लिहून घेतो.

शिकवणीत जबाबदारी दोन्हीकडे असते. म्हणून कागदाचे भागही दोन हवेत. फी देण्याचा भाग पालकाने सांगायचा, शिकवण्याचा भाग शिकवणारीने. पहिल्या भागात पालक लिहून देणार, दुसऱ्या भागात शिकवणारी लिहून देणार. आपण सहसा याच्या उलट वागतो. शिकवणारी सांगते, मला एवढे हवेत. पालक सांगतो, तू एवढे शिकव. दोघेही समोरच्याचे कर्तव्य सांगत बसतात आणि स्वतःचे कुणीच बोलत नाही.

विदर्भात शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. शिकवण्या तेव्हाच ठरतात. त्या वेळी भाचीकडे एका नव्या घराचे बोलावणे आले. मी तिला म्हटले, या वेळी कागद करू. तिचा चेहरा उतरला. "खाला, लोक काय म्हणतील? आमच्यावर भरोसा नाही का, असं विचारतील." मी म्हटले, विचारू दे. आपण आयत सांगू.

आम्ही तिघीचौघी त्या घरी बसलो. मुलांची दादी होती, आईवडील होते. वडील म्हणाले, "बाजी, तुम्हीच लिहा काय ते, मी सही करतो." मी म्हटले, "नाही भाईसाहेब, फीचं तुम्ही सांगायचं. मी फक्त लिहिणार." ते जरा गोंधळले. मग सांगू लागले आणि मध्येच थांबले. "पाच तारखेला देईन असं नको लिहू बाजी. आमच्याकडे पगार सात-आठला होतो. दहा लिहा." एरवी हे गृहस्थ पाच तारखेला होकार देऊन दर महिन्याला पाच दिवस शरमिंदे राहिले असते. स्वतःच्या तोंडाने सांगायचे म्हटल्यावर माणूस जे निभेल तेच सांगतो.

भाचीची पाळी आली तेव्हा तीही थांबली. "रोज शिकवीन" असे तिच्या ओठांवर आले होते. मग म्हणाली, "आठवड्यातून पाच दिवस, दीड तास. शुक्रवार आणि रविवार नाही." गेली दोन-तीन वर्षे रमजान वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो आहे, म्हणून त्या महिन्याचे आधीच बोललो. इफ्तारीच्या घाईची संध्याकाळ नको, सकाळी एक तास. फी तीच, पण कमी पडलेला वेळ परीक्षेआधीच्या दोन रविवारी भरून काढायचा. गेल्या वेळी ज्या गोष्टीवरून घर तुटले, ती गोष्ट या वेळी पाच मिनिटांत मिटली. भांडण होण्याआधी बोलले की ते भांडण राहत नाही, साधा हिशेब होतो.

कागदाचा मजकूर साधारण असा झाला. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी आपापल्या सोयीने बदलून घ्यावा.

पालकाचा भाग: मी, लिहून देणार, मुलांचा वडील. माझी दोन मुले, इयत्ता पाचवी आणि सातवी, यांच्या गणित व विज्ञानाच्या शिकवणीसाठी दरमहा १,८०० रुपये, मागील महिन्याचे, दर १० तारखेपर्यंत देईन. दिले की वहीत दोघांच्या सह्या होतील. मूल आले नाही तरी फी कापणार नाही. शिकवणी बंद करायची झाल्यास १५ दिवस आधी सांगेन आणि त्या दिवसापर्यंतची फी दिवसांच्या हिशेबाने देईन. शिकवणीच्या वेळी घरात मुलांची आई किंवा दादी हजर असेल. शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडे ठेवून होईल.

शिकवणारीचा भाग: मी, लिहून देणार, शिकवणारी. आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास शिकवीन. मी आले नाही तर तो दिवस भरून देईन, नाहीतर त्या दिवसाची फी घेणार नाही. दर महिन्याला एक छोटी चाचणी घेऊन वही पालकांना दाखवीन. मुलांना मारणार नाही, त्यांना लाज वाटेल असे बोलणार नाही. मुलांचे फोटो काढणार नाही. मन लावून शिकवणे माझ्याकडे. किती मार्क पडतील, याची हमी मी देत नाही. मला सोडायचे झाल्यास १५ दिवस आधी सांगेन.

खाली तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. दोन प्रती. वडिलांना मराठी वाचता येते, दादींना फक्त उर्दू. म्हणून मी सगळा मजकूर दादींना उर्दूत वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, दार उघडे ठेवायचे लिहिले ते फार बरे केले. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते आणि मुले दुसऱ्याच्या हाती सोपवली जातात, तेव्हा हे कलम दोन्ही बाजूंच्या अब्रूचे राखण असते.

कायद्याच्या बाजूने चार गोष्टी माहीत असाव्यात. एक, करार पालकाशीच करायचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणजे १८ वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाची सही उपयोगाची नाही. अकरावी-बारावीची मुले स्वतःच येऊन शिकवणी ठरवतात, तिथे हे विशेष लक्षात ठेवावे.

दोन, साध्या कागदावरचा, इतकेच काय तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती सिद्ध करताना. कागद कोर्टात दाखल करायची वेळ आली तर मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. पण बहुतेक शिकवण्यांचे कागद कोर्टासाठी नसतातच, ते आठवणीसाठी असतात. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

तीन, वाद झालाच तर आधी दोन्हीकडचे एकेक जाणते माणूस बसवावे. त्यानेही न मिटल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीचा वादही ठेवता येतो. तिथे कोर्ट फी लागत नाही. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. आपल्या मुलींना हे शाळेतच सांगायला हवे.

चार, घरगुती शिकवणीला जीएसटीची भीती बाळगायचे कारण नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. पण त्यांतले एक तत्त्व आपणही घ्यावे. विद्यार्थ्याने मध्येच सोडले तर उरलेल्या काळाची आगाऊ फी परत. आगाऊ फी घेणाऱ्या मुलींनी हे कागदात जरूर लिहावे. हक्क एकट्या शिकवणारीचाच असतो, असे नाही.

एवढे सगळे सांगितले तरी काही बुजुर्ग म्हणतात, इल्मचा कसला सौदा? त्यांच्या बोलण्यामागे आदर आहे. कुरआन शिकवण्याचे मानधन घ्यावे की नाही, यावर आपल्या विद्वानांत पूर्वी मतभेद होते. सुरुवातीच्या हनफी विद्वानांनी ते योग्य मानले नाही. नंतरच्यांनी काळाची गरज ओळखून मुभा दिली, कारण शिकवणारे उपाशी राहिले तर शिकवणेच थांबेल. गणित-विज्ञानाचा तर प्रश्नच नाही. बद्रच्या लढाईनंतर, हिजरी सन २ मध्ये, ज्या कैद्यांकडे खंडणीला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतल्या दहा दहा मुलांना लिहायला शिकवायचे आणि सुटायचे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. काम किती, मोबदला काय, दोन्ही स्पष्ट. शत्रूच्या माणसाच्या शिकवण्यालाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किंमत दिली. मग आपल्याच मुलीच्या शिकवण्याला "घरच्याच आहात" म्हणून फुकटात कसे धरायचे? मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही इब्ने माजा यांच्या संग्रहातली हदीस आपण सगळे सांगतो. शिकवणाऱ्याला घाम दिसत नाही इतकेच.

आपल्या वरोऱ्याला तर हा धडा नवा नसावा. बाबा आमटे आधी याच गावात वकिली करत होते. पुढे त्यांनी गावालगत आनंदवन उभे केले, ते भिक्षेवर नव्हे तर कामावर. ज्यांना लोक फक्त दान द्यायचे, त्यांच्या श्रमाला तिथे किंमत मिळाली. कामाला किंमत दिली की माणसाला इज्जत मिळते, हे आपण रोज आनंदवन चौकातून जाताना पाहतो.

आणि ज्यांना कागदात कोरडेपणा दिसतो, त्यांनी सूरह अल-कसस वाचावी. मदयनमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्याशी त्या वृद्ध गृहस्थांनी आठ वर्षांच्या कामाचा करार केला. दहा पूर्ण केलीत तर ती तुमची मर्जी, मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही, असेही सांगितले. ठरलेले वेगळे आणि वरचे वेगळे. परीक्षेच्या आदल्या रात्री शिकवणारी अर्धा तास जास्त बसते, ईदला मुलाची आई शीरखुर्म्याचा डबा पाठवते, हे सगळे वरचे. त्याचा कागद कधी करू नये. पण वरच्याला वरचे म्हणून ओळखता यावे, यासाठी तरी ठरलेले लिहिलेले हवे. नाहीतर एकीचा एहसान दुसऱ्याला हक्क वाटू लागतो.

आता उरला प्रश्न, लिहायचे कुणी? त्याच आयतीत लिहिणाऱ्यालाही सांगितले आहे की अल्लाहने तुला लिहायला शिकवले, तर लिहून द्यायला नकार देऊ नकोस. आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला कुणी त्रासही देऊ नये. शाळेतले आम्ही शिक्षक शिकवणी घेऊ शकत नाही, पण कातिब होऊ शकतो. मोहल्ल्यातल्या प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाने जूनमध्ये दोन-तीन घरांत जाऊन हे काम करावे. एक कागद, दोन प्रती, अर्धा तास आणि एक कप चहा. ज्याचे ओझे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि आपण न्यायाने लिहायचे.

भाचीची ती शिकवणी या वर्षीही चालू आहे. वहीत दर १० तारखेपर्यंत दोन सह्या होतात. एका महिन्यात वडिलांचा पगार पुन्हा अडकला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, या महिन्याची सवड दे. हिने दिली. वहीत लिहिले, '१,८०० रुपये बाकी, पुढील महिन्यात'. खाली दोघांनी सही केली. सवड मागणाऱ्याची मान खाली गेली नाही आणि देणारीच्या मनात शंका राहिली नाही.